नोंद आणि नोंदीचा धनी

शाबान महिन्यातील एक संध्याकाळ. जळगावमध्ये असरची नमाज झाल्यावर मशिदीच्या ओट्यावर एक तरुण माझ्याजवळ येऊन बसला. मी शिक्षक असताना तो माझ्या वर्गात होता. आता संगणकाचे शिक्षण पूर्ण करून नोकरीच्या शोधात आहे. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने खिशातून मोबाईल काढला, पण चालू केला नाही. "सर, माझ्याकडून चूक झाली की नाही, तेच मला कळत नाही," असे म्हणून त्याने जे सांगितले ते थोडक्यात असे.

त्याचे आजोबा दीड वर्षापूर्वी वारले. यावल तालुक्यात त्यांची केळीची थोडी शेती. शेवटची काही वर्षे ते गावी आणि मुलगा, सून, नातवंडे जळगावात. त्यामुळे बोलणे बहुधा व्हॉट्सॲपवर, आणि लिहिणे जमत नसल्याने सारे आवाजी निरोपांतून. असे तीनशेच्या वर निरोप नातवाच्या फोनमध्ये साठले होते. त्याने ते एका संगणकप्रणालीला पुरवले, आजोबांचा स्वभाव, सवयी, घरातील माणसे यांविषयी पाने भरून माहिती दिली, आणि फोन आजोबांच्या आवाजात बोलू लागला. नुसते जुने निरोप नव्हेत. विचाराल त्याचे उत्तर, त्यांच्याच ढंगात, मध्येच खोकून, 'बेटा' म्हणून. दादी पहिल्या दिवशी रडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या फोनशी बोलू लागल्या. चौथ्या दिवशी रात्री मुलाच्या वडिलांनी फोन हातात घेऊन विचारले, "अब्बा, तुम्ही मला माफ केलंत ना?" फोन क्षणभर थांबला आणि आजोबांच्या आवाजात म्हणाला, "हो बेटा, केव्हाच केलं." वडील ढसाढसा रडले, आणि कित्येक महिन्यांनी त्या रात्री शांत झोपले.

"ते उत्तर कुठून आलं ते मला माहीत आहे, सर. ते आजोबांकडून आलेलं नाही. पण हे अब्बांना मी कसं सांगू?"

मी त्याला त्या दिवशी उत्तर दिले नाही. माणसाची स्मृती, त्याचे बोलणे, त्याचे मन उतरवून घेता येईल काय, आणि उतरवून घेतले तर जे हाती येईल तो माणूसच असेल काय, हा प्रश्न तत्त्वज्ञांचा आणि शास्त्रज्ञांचा आहे असे मी आजवर समजत होतो. तो खानदेशातल्या एका घरात, रात्रीच्या जेवणानंतर, माफीच्या रूपाने उभा राहील याची मला कल्पना नव्हती.

या बाबतीत मुसलमानाने प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. माणसाच्या आयुष्याची संपूर्ण नोंद होऊ शकते हे आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. तो आपल्या श्रद्धेचाच भाग आहे. माणसाच्या तोंडून शब्द निघतो न निघतो तोच तो टिपणारा सज्ज असतो, असे सूरह काफमध्ये (आयत १८) सांगितले आहे. सूरह कहफमध्ये (आयत ४९) अपराधी लोक आपले कर्मपत्र पाहून घाबरतात ते यासाठी की लहान म्हणून, मोठे म्हणून त्यातून काहीच सुटलेले नाही. सूरह यासीनमध्ये (आयत १२) तर केवळ कर्मेच नव्हे, माणसाने मागे ठेवलेल्या खुणाही लिहिल्या जातात असे म्हटले आहे. त्या दिवशी तोंडे बंद होतील आणि हात बोलतील, पाय साक्ष देतील, कातडी बोलेल, जमीन आपल्यावर काय घडले ते सांगेल. आपल्या आजीपणजींना हे ऐकताना कदाचित दृष्टांत वाटत असावा. आजच्या मुलाला, ज्याच्या खिशातील यंत्र तो कोठे उभा होता आणि काय बोलला ते टिपून ठेवते, यात अशक्य काही वाटत नाही.

आणि एक सूक्ष्म गोष्ट. सूरह मुजादलाच्या सहाव्या आयतीत असे सांगितले आहे की लोकांनी जे केले ते अल्लाहने मोजून ठेवले, मात्र ते स्वतः विसरून गेले. म्हणजे माणसाची स्मृती आणि माणसाची नोंद या दोन वेगळ्या वस्तू आहेत. माणूस विसरतो, आदम (अलै.) विसरले हे कुरआन स्वतः सांगतो. नोंद विसरत नाही. स्मृती गळकी, नोंद पूर्ण. तरीही हिशोब नोंदीला द्यावा लागत नाही, विसरणाऱ्याला द्यावा लागतो. सूरह बनी इस्राईलमध्ये (आयत १३-१४) प्रत्येक माणसासमोर त्याचे पुस्तक उघडे ठेवले जाते आणि त्याला सांगितले जाते की तूच वाच. वाचणारा एक आणि पुस्तक एक. कोणाच्या उजव्या हातात ते दिले जाईल, कोणाच्या डाव्या. पण हात पुस्तकाचा नाही. जगातील सर्वांत परिपूर्ण नोंदसुद्धा माणसाची जागा घेत नाही, ती त्याच्या हातात दिली जाते. मला वाटते, या एका चित्रात आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. उरलेले निम्मे कठीण आहे.

मानवी नोंदीचे आज काय चालले आहे तेही पाहू. विसाव्या शतकाच्या मध्यास कॅनडातील मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी फिट्सच्या रुग्णांचा मेंदू उघडा असताना त्याला विजेचा सौम्य स्पर्श केला, तेव्हा काहींना जुनी गाणी, जुने आवाज ऐकू आले. मेंदूत सारे आयुष्य ध्वनिफितीसारखे साठलेले आहे, अशी समजूत यातून पसरली. प्रत्यक्षात १९६३ साली पेनफिल्ड यांनी जो हिशोब मांडला त्यात अशा ५२० रुग्णांपैकी केवळ ४० जणांना असा अनुभव आला होता, आणि त्यातलेही बरेचसे स्वप्नासारखे होते. फितीची उपमा मात्र लोकांच्या डोक्यात बसली ती बसलीच. पुढील संशोधन उलट दिशेने गेले. आठवण प्रत्येक वेळी काढताना थोडी नव्याने घडते. विचारलेल्या प्रश्नातील एखाद्या शब्दानेही ती बदलते. जी गोष्ट स्वतःच हलती आहे तिची नक्कल कोणत्या क्षणाची घ्यायची?

तरी नकाशे काढण्याचे काम पुढे गेले आहे, आणि ते थट्टेवारी नेण्यासारखे नाही. एका सूक्ष्म कृमीच्या ३०२ चेतापेशींचा संपूर्ण नकाशा १९८६ साली तयार झाला. २०२४ साली फळमाशीच्या मेंदूतील सुमारे १,३९,००० चेतापेशी आणि त्यांच्यामधील पाच कोटींहून अधिक जोडण्या नोंदवल्या गेल्या. त्याच वर्षी मानवी मेंदूचा एक घन मिलिमीटर तुकडा, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान, उतरवून घेण्यात आला. त्यात सुमारे ५७,००० पेशी आणि पंधरा कोटी जोडण्या निघाल्या, आणि एवढ्याशा तुकड्याची माहिती ठेवायला १,४०० टेराबाइट जागा लागली. संपूर्ण मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. उद्या हेही होईल असे मानू. मी अशक्य म्हणणाऱ्यांपैकी नाही. आपल्या लोकांनी अशक्य म्हटलेल्या पुष्कळ गोष्टी झाल्या आणि मग आपल्यालाच मान खाली घालावी लागली. पण त्या कृमीचा नकाशा हाती येऊन चार दशके झाली, तरी तो पुढच्या क्षणी काय करील हे केवळ नकाशावरून नेमके सांगता येत नाही. मग त्याला 'कसे वाटते', किंवा त्याला काही वाटते का, ही तर फार पुढची गोष्ट.

नोंद आणि माणूस यांतील हे अंतर समजायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या गाणी रचून म्हणत आणि चिरंजीव सोपानदेव व घरातील नातलग ती ऐकून टिपून ठेवीत. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली ती गाणी छापली गेली आणि आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ जळगावात उभे आहे. ती वही टिपली गेली नसती तर मराठीचे केवढे नुकसान झाले असते! तरीपण सोपानदेवांनी त्या वहीला कधी 'आई' म्हणून हाक मारली नसणार. वहीत त्यांचे शब्द आहेत. ज्या मनात ते शब्द उमटले ते मन वहीत नाही. वहीला आणखी एक गाणे सुचणार नाही. आणि आता एखादे यंत्र त्या शब्दांवरून बहिणाबाईंसारखे हुबेहूब नवे गाणे रचू शकेल हे खरे, पण ते गाणे बहिणाबाईंच्या नावावर कोणी छापले तर आपण त्याला काय म्हणू?

येथे आपल्या परंपरेतील एक शास्त्र मदतीला येते, आणि त्याची आठवण आजच्या तरुणांनी विशेष ठेवावी असे मला वाटते. हदीस पारखणाऱ्या विद्वानांसमोर हाच प्रश्न बाराशे वर्षांपूर्वी वेगळ्या रूपात उभा होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या बोलण्याची शैली लोकांना परिचित झाली होती. त्या शैलीत वाक्य रचणे कोणाही हुशार माणसाला जमण्यासारखे होते, आणि काहींनी ते रचलेही. सगळेच दुष्ट होते असेही नाही. नूह बिन अबी मरयम या माणसाने कुरआनच्या एकेका सूरहच्या फजिलतीच्या हदीसी रचल्या, त्या लोकांनी कुरआन वाचावा म्हणून, असे त्याने स्वतः कबूल केल्याचे नोंदलेले आहे. अर्थ चांगला, हेतू चांगला, शैली जुळणारी. मुहद्दिसांनी तरीही त्यांना 'मौजू', म्हणजे बनावट, ठरवून बाजूला काढले. त्यांची कसोटी एकच होती: हे कोणी ऐकले, कोणाकडून ऐकले, आणि त्याने प्रत्यक्ष ऐकले का? साखळी तुटली की वाक्य कितीही गोड असो, ते बोलणाऱ्याच्या नावावर चढत नाही. 'ते असेच म्हणाले असते' आणि 'ते म्हणाले' यांच्यामध्ये त्यांनी भिंत बांधली, आणि ती भिंत बांधण्यात पिढ्यान्पिढ्यांची आयुष्ये घातली.

त्या तरुणाच्या फोनमधील तीनशे निरोप ही सनद असलेली गोष्ट आहे. आजोबा बोलले, नातवाने ऐकले. ते जपावेत, नातवंडांना ऐकवावेत. त्यात गैर काही मला दिसत नाही. परंतु 'केव्हाच केलं' या वाक्याला सनद नाही. ते आजोबांच्या आवाजातले असले तरी आजोबांचे वाक्य नाही.

शब्दांची नक्कल किती दूरवर जाऊ शकते हे आपल्या हाफिजांइतके कोणाला ठाऊक असणार! पूर्वी धुळे जिल्ह्यात असलेल्या आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात मोडणाऱ्या अक्कलकुव्याच्या जामियात किंवा आपल्या गल्लीतल्या लहानशा मकतबात जाऊन पहा. दहाबारा वर्षांची मुले पुढेमागे डुलत ११४ सूरह आणि सहा हजारांहून अधिक आयती छातीत उतरवीत असतात. एका छातीतून दुसऱ्या छातीत, अक्षराचाही फरक न पडता. यमामाच्या लढाईत कुरआन पाठ असलेले पुष्कळ सहाबा शहीद झाले तेव्हा हजरत उमर (रजि.) यांना चिंता वाटली आणि त्यांच्या आग्रहावरून हजरत अबू बक्र (रजि.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्याकडून कुरआन एकत्र लिहवून घेतला. शहीद झालेल्यांत हजरत सालिम (रजि.) होते, ज्यांच्याकडून कुरआन शिका असे स्वतः प्रेषितांनी (स.) सांगितले होते. सालिम यांच्या छातीतला कुरआन वाचला; तो इतरांच्या छातीतही होता आणि आता पत्रांवर आला. सालिम वाचले नाहीत. कोणीही असे म्हटले नाही की कुरआन तोच आहे, म्हणजे सालिम अजून आपल्यात आहेत. ज्याची नक्कल होते ते आणि ज्याची होत नाही तो, हा फरक त्या पिढीला सांगावा लागला नाही.

इमाम गजाली (रह.) यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. तरुणपणी ते शिकून परत येत असता वाटेत लुटारूंनी काफिला लुटला. गजालींनी पुढाऱ्याला विनवले की बाकी सारे ने, पण माझ्या टिपणांची पिशवी परत दे. त्यात माझे ज्ञान आहे. तो लुटारू हसला. जे आम्ही हिसकावून नेऊ शकतो ते तुझे ज्ञान कसे? पिशवी परत मिळाली, पण गजालींना ते बोलणे इतके लागले की पुढची तीन वर्षे त्यांनी ती टिपणे पाठ करण्यात घालवली. येथे कोणी म्हणेल, मग आठवण हीच माणूस ठरली ना? वही बाहेर, स्मृती आत. आणि यंत्र उद्या आतलेच उचलणार असेल तर?

हा आक्षेप वजनदार आहे. त्याला मी असे उत्तर देतो. समजा, एका माणसाच्या साऱ्या आठवणी दोन यंत्रांत उतरवल्या. दोन्ही म्हणतील, मीच तो इब्राहीम; मला माझ्या आईच्या हातची भाकर आठवते. आणि मूळ इब्राहीम तिसरीकडे चहा पीत बसला आहे. तिघे एकच असू शकत नाहीत, कारण एकाला चटका बसला तर दुसरे दोघे ओरडणार नाहीत. मग आठवणी जुळणे म्हणजे तोच असणे नव्हे. हजार वर्षांपूर्वी इब्ने सीना यांनी याच्या उलट बाजूने विचार केला होता. एखादा माणूस डोळे झाकलेल्या अवस्थेत, पोकळीत तरंगता, कशालाही स्पर्श न करता, एकदम निर्माण झाला असे माना. त्याच्यापाशी एकही आठवण नाही, हातपाय आहेत हेही त्याला ठाऊक नाही. तरी 'मी आहे' एवढे त्याला कळेल. सगळ्या विद्वानांना हा दाखला पटला असे नाही, आणि मलाही तो शेवटचा पुरावा वाटत नाही. पण आठवणींच्या गाठोड्याखाली गाठोडे उचलणारा कोणी आहे, एवढे तो दाखवतो. त्या 'कोणी'विषयी कुरआनने आपल्याला मोजकेच सांगितले आहे: रूह ही माझ्या पालनकर्त्याच्या आदेशाची बाब आहे, आणि तुम्हाला ज्ञान थोडेच दिले गेले आहे (सूरह बनी इस्राईल : ८५). या आयतीचा आधार घेऊन संशोधन थांबवा म्हणणारे लोक आहेत. मला तसे वाटत नाही. मोजण्यासारखे जे आहे ते मोजावे. 'थोडे' दिले आहे, 'काहीच नाही' असे म्हटलेले नाही.

खरा कठीण प्रश्न याच्या पुढे आहे, आणि तो एखाद्या नास्तिकाने नव्हे, आपल्यातल्याच विचारवंतांनी उपस्थित केला. माती झालेल्या माणसाला अल्लाह कयामतीच्या दिवशी पुन्हा उभे करील, हा आपला विश्वास. मग तो उठलेला माणूस पहिल्याची नक्कल नव्हे काय? आपण यंत्राची नक्कल नाकारतो आणि ती मात्र मान्य करतो, हे कसे? कलाम शास्त्राच्या पंडितांनी यावर शतकानुशतके वाद घातला: परत येईल तो 'तोच' की 'त्याच्यासारखा'? कारण 'त्याच्यासारखा' असेल तर एकाच्या पापाची शिक्षा दुसऱ्याला झाली, आणि न्याय कोठे उरला? पहा, त्यांना हा प्रश्न का महत्त्वाचा वाटला. चमत्काराच्या शक्यतेसाठी नव्हे, न्यायासाठी. गजालींनी 'तहाफुतुल फलासिफा'च्या शेवटच्या चर्चेत, वादासाठी म्हणून, एक मार्ग दाखवला: माणूस त्याच्या शरीराच्या मातीने तोच ठरत नाही, बालपणापासून म्हातारपणापर्यंत शरीर बदलते, दुबळे होते, जाड होते, तरी माणूस तोच असतो. तो ज्याच्यामुळे तोच असतो ते टिकून असेल, तर शरीर कशाचेही असो, उठणारा तोच. दुसऱ्या पंडितांनी शरीराचे मूळ घटक जपले जातात असे मानले. मतभेद राहिला, पण नक्कल उभी करून तिच्याकडून हिशोब घेतला जाईल, असे कोणीही पत्करले नाही.

आणि यात एक मोठा फरक आहे. सूरह जुमरमध्ये (आयत ४२) सांगितले आहे की मृत्यूच्या वेळी, आणि झोपेतही, अल्लाह जीव ताब्यात घेतो. ज्याचा मृत्यू ठरला त्याचा ठेवून घेतो, दुसऱ्याचा नियत वेळेपर्यंत परत पाठवतो. म्हणजे मेलेला माणूस पुसला गेलेला नाही की त्याला राहिलेल्या खुणांवरून पुन्हा काढावे. तो कोणाच्या तरी ताब्यात आहे. आपण मात्र खुणांवरूनच काढू शकतो: बोललेल्या शब्दांवरून, पेशींच्या जोडण्यांवरून. जो बोलला नाही तो शब्द, जो पश्चात्ताप त्याने रात्री एकट्याने केला, तो आपल्या यंत्राला कोठून मिळणार?

माझे वडील धुळ्याला यंत्रमागावर कामाला होते. शेवटची दोन वर्षे त्यांची स्मृती गेली. पैशांचा हिशोब आधी गेला, मग गल्ल्यांची नावे, मग नातवंडे, मग मी. मला पाहून ते अदबीने विचारीत, "आपण कोण?" आणि मी सांगितल्यावर, पाहुण्याला विचारावे तसे, चहा घेणार का म्हणून विचारीत. नमाजीला उभे केले तर रकात चुकत. फातिहा मात्र चुकली नाही. बसल्या बसल्या चादरीचा काठ दोन बोटांत धरून अंगठा फिरवीत राहत. तुटलेला धागा जोडतानाची ती गाठ होती, हे कळायला मला काही महिने लागले. स्मृती म्हणजेच माणूस, असे ज्यांना वाटते त्यांना मी विचारतो, त्या दोन वर्षांत त्या खाटेवर कोण होते? शरीअतचे उत्तर स्पष्ट आहे. ज्याची बुद्धी गेली त्याच्यावरून कलम उचलले गेले, असे हदीसीत आहे. नोंद लिहिणे थांबले. नोंदीचा धनी मात्र तसाच होता. त्यांची मालमत्ता त्यांचीच, त्यांचा सांभाळ माझ्यावर फर्ज, त्यांच्यापुढे आवाज चढवणे माझ्यासाठी तसेच पाप. एक दिवस मी तो चढवला. त्यांना पाच मिनिटांत ते आठवतही नव्हते. मला आठवते. त्यांना आठवत नव्हते म्हणून ते मिटले असे मी आजही म्हणू शकत नाही.

त्यांचा आवाज माझ्यापाशी थोडा आहे. एका लग्नातला, दीडेक मिनिटाचा. मी तो त्या तरुणाला दिला असता तर त्याने त्यातून वडिलांना माझे नाव घेऊन बोलायला लावले असते. खोटे का सांगू, एक रात्र मी याचा विचार केला.

दुसऱ्या भेटीत मी त्याला विचारले की तुझ्या वडिलांनी माफी कशाबद्दल मागितली. त्याला पूर्ण ठाऊक नव्हते; त्याने दादींना विचारले आणि मग उलगडा झाला. आजोबांनी जिवंतपणी मुलाला बजावले होते की माझ्यामागे बहिणीचा वाटा तिला देऊन टाक. मुलाने होय म्हटले होते. आजोबा गेल्यावर चार महिन्यांनी, आपल्याकडे सर्रास होते तसे, बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्यात आली. बहिणीने काही न बोलता सही केली, जेवण केले आणि धुळ्याला सासरी परत गेली. तिच्यासाठी साडी घेतली होती.

म्हणजे ज्या गोष्टीची माफी फोनकडे मागितली गेली, ती आजोबांच्या मृत्यूनंतर घडली होती. त्या तीनशे निरोपांत तिचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. यंत्राला काही ठाऊक नव्हते. एका मुलाचा रडवेला प्रश्न आला की एका बापाच्या आवाजात काय म्हणावे एवढेच त्याला ठाऊक होते. आणि 'केव्हाच' हा शब्द त्याने स्वतःहून घातला.

सूरह निसामध्ये (आयत ७) आईबापांच्या मालमत्तेत पुरुषांचा वाटा आहे तसा स्त्रियांचाही आहे, थोडी असो वा फार, तो ठरवून दिलेला वाटा आहे. बंद्यांचे हक्क ज्याचे त्यानेच माफ करायचे असतात. सहीह बुखारीतील हदीसीत प्रेषितांनी (स.) सांगितले आहे की ज्याने आपल्या भावावर अन्याय केला असेल त्याने आजच त्याच्याकडून मोकळीक मिळवावी, दीनार-दिरहम उपयोगी पडणार नाहीत असा दिवस येण्याआधी. येथे हक्क आजोबांचा नव्हताच. तो एका जिवंत बाईचा होता, जळगावपासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर. वडिलांना दिलेला शब्द मोडला, तोही त्याच वाटेने सुधारणार. मृत्यूनंतरही त्यांच्यासाठी दुआ करता येते, त्यांचे वचन पुरे करता येते, त्यांच्यामुळे जुळलेली नाती सांभाळता येतात, असे हदीसींत आले आहे. सहीह मुस्लिममध्ये मरणाऱ्याचे जे चालू राहते ते तीन गोष्टींत सांगितले आहे: चालू राहणारे दान, उपयोगी पडणारे ज्ञान, आणि दुआ करणारे सदाचारी अपत्य. पहा, त्यात त्याची प्रतिकृती नाही.

मी हे सारे त्या तरुणाला एका दमात सांगितले नाही. एवढेच म्हणालो की वडिलांना खरे काय ते सांग. चूक त्यांचीच होती असे म्हणू नकोस, उत्तर आजोबांचे नव्हते एवढे म्हण. त्याने ते रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात सांगितले. वडील त्याच्याशी तीन दिवस बोलले नाहीत. दादींनी मात्र फोन मागितला आणि तो आवाज बंद करायला सांगितले. जुने निरोप राहू दे, म्हणाल्या, त्यातले ते केळीच्या घडाबद्दल भांडतात ते मला रोज लाव.

ईदनंतर त्याचा मला फोन आला. वडील यावलहून सातबाऱ्याचा उतारा काढून घेऊन धुळ्याला गेले होते. फुफीने दार उघडले, उतारा पाहिला, आणि पहिला अर्धा तास ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, माफ करायचे की नाही ते मी विचार करून सांगीन. वडील परत आले आहेत, आणि त्यांना अजून झोप लागत नाही, असे तो म्हणाला.